वॅटांचा हिशेब आणि घरातली शांतता

ज्या यंत्रात कुटुंबाचे चित्रपट, छायाचित्रे आणि जुन्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेल्या मैफली साठवलेल्या असतात, आणि जे अहोरात्र चालू राहून घरातल्या कोणत्याही पडद्याला वा ध्वनिक्षेपकाला मागेल ते पुरवीत असते, त्या मीडिया सर्व्हरची खरेदी करताना गृहस्थ प्रोसेसरच्या वेगाची आणि डिस्कच्या क्षमतेची कसून चौकशी करतो. परंतु ते यंत्र बैठकीच्या खोलीत आल्यावर विलंबित ख्यालाच्या पहिल्या आलापाला लागणारी शांतता तिथे शिल्लक राहील काय, हा प्रश्न त्याला बहुधा पैसे मोजून झाल्यावरच सुचतो. घरगुती संगणकाइतकाच हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचा इतिहास पाहता माझी अशी खात्री झाली आहे की, आवाज झाकण्यासाठी जे जे काही यंत्रावर लादले गेले त्याचा उपयोग मर्यादितच झाला, आणि ज्यांनी मुळात उष्णताच कमी निर्माण होईल अशी तजवीज केली त्यांनाच खरी निःशब्दता लाभली.

1977 साली ॲपल टू बाजारात आला, तेव्हा घरात ठेवायच्या यंत्रात पंखा असता कामा नये असा स्टीव्ह जॉब्स यांचा आग्रह होता, आणि तो आग्रह सिद्धीस गेला याचे श्रेय रॉड होल्ट या तंत्रज्ञाकडे जाते. त्यांनी त्या काळच्या जड आणि तापट वीजपुरवठ्याऐवजी, प्रवाह अतिवेगाने जोडणारा-तोडणारा व म्हणून पुष्कळच थंड राहणारा ‘स्विचिंग’ वीजपुरवठा त्यात बसविला. पंख्याचे कामच तिथे उरले नव्हते. 1980 च्या ॲपल थ्रीला मात्र पंखा नसण्याची अट वारशाने मिळाली, तरी उष्णतेचा जमाखर्च जुळला नाही. यंत्र तापते आणि त्यातल्या चिप खोबणीत सैल होतात अशा तक्रारी आल्या, व त्याची गेलेली पत पुन्हा कधी परत आली नाही. 1984 चा मॅकिन्टॉश पंख्याविनाच आला. पण 1987 च्या मॅकिन्टॉश एसईमध्ये हार्ड डिस्कला यंत्राच्या पोटात जागा मिळाली, आणि तिच्याबरोबर पंखाही आत आला. घरातल्या शांततेचा भंग करणारी ही जोडी पुढे कित्येक वर्षे फुटली नाही.

प्रोसेसरची कथा याहून विषण्ण करणारी आहे. 486 जातीचे कित्येक प्रोसेसर डोक्यावर पंखा न घेता निभावून नेत. 1993 साली पेंटियम अवतरला आणि प्रोसेसरच्या माथ्यावर पंखा बसविणे हा रिवाजच पडला. त्यापुढील दहा वर्षे साऱ्या उद्योगाने गिगाहर्ट्झ हेच यशाचे मोजमाप मानले. फेब्रुवारी 2004 मध्ये आलेल्या ‘प्रेस्कॉट’ या पेंटियम फोरच्या काही नमुन्यांनी तर उष्णतेची मर्यादा 115 वॅटपर्यंत नेली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याचा नियोजित वारसदार ‘तेजस’ इंटेलने रद्द केला, कारण केवळ वेग वाढवून पुढे जाण्याचा मार्ग उष्णतेने अडवून धरला होता.

याच काळात शांतताप्रेमी हौशी मंडळींची एक परंपरा उदयास आली, आणि या इतिहासातील सर्वांत हृद्य भाग मला तोच वाटतो. कॅनडातील व्हँकुव्हर येथे माइक चिन यांनी 2002 साली ‘सायलेंट पीसी रिव्ह्यू’ सुरू केले आणि पंखे, डिस्क, वीजपुरवठे यांचे परीक्षण वेगासाठी न करता आवाजासाठी करण्याची शिस्त घालून दिली. या मंडळींनी ध्वनिशास्त्राचे जुने नियम नव्याने हाताळले. एकसारख्या दोन पंख्यांपैकी एक काढून टाकला, तर आवाज अवघा 3 डेसिबलनी उतरतो. परंतु एकाच पंख्याची गती निम्मी केली, तर वारा निम्मा होतो आणि आवाज मात्र सुमारे 15 डेसिबलनी खाली येतो. म्हणून 80 मिलिमीटरचा भरधाव पंखा काढून त्या जागी 120 मिलिमीटरचा संथ पंखा बसविण्याचा प्रघात पडला.

डिस्कच्या बाबतीतली त्यांची कसोशी तर पाहण्यासारखी होती. पूर्वीच्या डिस्कची चकती पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरे, आणि वर्षा-दोन वर्षांत तिचा स्वर किंचाळू लागे. 2001 च्या सीगेट बॅराकुडा एटीए फोरमध्ये गोळ्यांच्या जागी तेलाचा पातळ थर आला, आणि एकाच चकतीचा तिचा 40 गिगाबाइटचा नमुना शांततेच्या शोधकांनी डोक्यावर घेतला. तरीही कंपन राहिलेच, कारण डिस्क चार स्क्रूंनी पत्र्याच्या पेटीला आवळली की सारी पेटीच ध्वनिफलक होऊन गुणगुणू लागते. त्यावर उपाय निघाला तो असा की, स्क्रू काढून टाकून डिस्क इलॅस्टिकच्या ताणलेल्या पट्ट्यांवर, तान्ह्या मुलाला झोळीत निजवावे तशी, अधांतरी टांगायची. तिचा धातूला कुठेही स्पर्श होऊ द्यायचा नाही, आणि पेटी हलवायची झाल्यास आधी तिला उतरवून ठेवायचे. कोणत्याही कारखान्याच्या नियमपुस्तिकेत न बसणारी ही युक्ती पेटीची गुणगुण जवळजवळ नाहीशी करी.

परंतु हे सारे निर्माण झालेल्या आवाजाचे व्यवस्थापन होते. मूळ कारणाला हात घातला तो तैवानच्या व्हीआयए कंपनीने. 2001 च्या अखेरीस तिने अवघ्या 17 सेंटिमीटर लांबी-रुंदीचा ‘मिनी-आयटीएक्स’ हा फलक पुढे आणला. त्यावरचा प्रोसेसर त्या काळच्या मानानेही मंद होता. तथापि एपिया एम 6000 या नमुन्यात 600 मेगाहर्ट्झचा पंखाविरहित प्रोसेसर असूनही डीव्हीडीचा चित्रपट सुरळीत चाले, कारण तिथे वापरलेली एमपेग-2 ही संकेतपद्धती उलगडण्याचे बरेचसे काम फलकावरील दुसऱ्या चिपमधील खास मंडलाकडे सोपविलेले होते. सर्व कामे एकाच बलाढ्य सेवकाकडून करून घेण्यापेक्षा ज्याचे काम त्याला नेमून दिल्यास वीजही वाचते आणि उष्णताही, हा धडा या लहानशा फलकाने दिला. दुर्दैवाने मातब्बर कंपन्यांनी तो गिरवायला बराच उशीर लावला.

यंत्र जागेवरून हलविणे हा दुसरा मार्ग. 2001 साली स्लिम डिव्हायसेसने एसएलआयएमपी3 नावाची पेटी विकायला काढली. तिच्यात डिस्क नव्हती, पंखाही नव्हता, आणि गाणी तिला घरातल्या अन्य खोलीत ठेवलेल्या संगणकाकडून तारेवाटे येत. साठवणारे यंत्र एकीकडे आणि ऐकविणारे दुसरीकडे, अशी ही विभागणी आजच्या मीडिया सर्व्हरचा पाया आहे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या खेळण्याच्या यंत्रासाठी हौशी प्रोग्रामरांनी लिहिलेले एक्सबीएमसी पुढे 2014 मध्ये कोडी झाले, आणि त्याच्याच एका शाखेतून प्लेक्स निघाले; त्यामुळे ही विभागणी सामान्य घरांतही रुळली.

2008 साली इंटेलचा ॲटम आला, तेव्हा आता प्रश्न मिटला असे अनेकांना वाटले. ॲटम 230 ची उष्णता-मर्यादा फक्त 4 वॅट होती. पण डी945जीसीएलएफ हा त्याचा फलक उघडून पाहणाऱ्याला एक विलक्षण दृश्य दिसे: प्रोसेसरवर ॲल्युमिनियमचा लहानसा ठोकळा तेवढा, आणि शेजारच्या जुन्या धाटणीच्या चिपसेटवर मात्र कर्कश छोटा पंखा. तो चिपसेट एकटाच सुमारे 22 वॅट खाई. केवळ प्रोसेसरचा आकडा वाचून केलेली खरेदी कशी फसते याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात नाही, आणि आजही सौदा करताना मी संपूर्ण यंत्राचा, भिंतीतल्या प्लगपाशी मोजलेला वीजखर्च विचारतो तो याचमुळे.

त्याच सुमारास वेस्टर्न डिजिटलच्या ‘ग्रीन’ मालिकेतल्या मंदगती डिस्क सर्व्हरसाठी लोकप्रिय झाल्या. वीज वाचावी म्हणून त्या 8 सेकंद काम न मिळाल्यास वाचकशीर्ष बाजूला नेऊन ठेवीत. लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरमध्ये मात्र लगेच काहीतरी नोंद करायची निघे आणि शीर्ष पुन्हा धावत येई. अर्ध्या मिनिटाला एकदा असे घडले तर दिवसाला 2,880 फेऱ्या होतात. शीर्षाला हमी 3,00,000 फेऱ्यांची, म्हणजे साडेतीन महिन्यांत आयुष्याचा शिधा संपला. त्या बारीक टकटकीवर कान ठेवून असणाऱ्यांनी हा दोष ओळखला आणि ती मुदत वाढवून घेतली.

व्हीआयएचा धडा इंटेलने गिरवला तो जानेवारी 2011 मध्ये. ‘सँडी ब्रिज’ प्रोसेसरांत ‘क्विक सिंक’ हे चित्रफितीचे रूपांतर करणारे स्वतंत्र मंडल आले, आणि 2016 च्या ‘केबी लेक’ पिढीत त्याला 10-बिट एचईव्हीसी ही नवी संकेतपद्धतीही हाताळता येऊ लागली. 2023 मध्ये आलेला चार गाभ्यांचा एन100 प्रोसेसर 6 वॅटच्या मर्यादेत असूनही, ज्या रूपांतरासाठी पूर्वी मोठा पंखा घोंघावत ठेवावा लागे ते काम सहज पार पाडतो. घरगुती सर्व्हरसाठी याहून मोठा प्रोसेसर घेण्याचे सबळ कारण मला आढळत नाही.

वीजपुरवठ्याची निवड मात्र अजूनही आंधळेपणाने होते. 2004 साली सुरू झालेली ‘80 प्लस’ ही कार्यक्षमतेची सनद, तिच्या बहुतेक श्रेण्यांत, 20, 50 आणि 100 टक्के भारावर मोजून दिली जाते; शांतपणे बसलेला सर्व्हर जर 20 वॅट घेत असेल, तर 500 वॅटच्या पुरवठ्यावर तो भार 4 टक्के होतो आणि सनदेतला आकडा तिथे लागूच पडत नाही. अशा ठिकाणी लॅपटॉपला असतो तसा बाहेरचा लहान ॲडॅप्टर अधिक योग्य.

पंखा अजिबात नसलेल्या यंत्राचा मोह आपल्याकडे थोडा आवरावा, असे माझे सांगणे आहे. व्हँकुव्हरच्या थंड खोलीत सिद्ध झालेली व्यवस्था मे महिन्यात, पारा 45 अंशांवर गेलेला असताना, नागपूरच्या गच्चीखालच्या खोलीत टिकेल याची शाश्वती कोण देणार? तिथे 120 किंवा 140 मिलिमीटरचा एक संथ पंखा, पेटीत डिस्कच्या पुढ्यात बसवलेला, हाच शहाणपणाचा बंदोबस्त. प्रोसेसर नमला तरी डिस्कचा खडखडाट अद्याप राहिला आहे. मोठ्या क्षमतेच्या आजच्या बहुतेक डिस्क मिनिटाला 7,200 फेरे घेतात, त्यांच्या पोटात हवेऐवजी हेलियम भरलेला असला तरी शीर्ष हलताना त्या वाजतातच. तेव्हा कार्यप्रणाली आणि सूची एसएसडीवर ठेवावी, डिस्कना काम नसेल तेव्हा थांबू द्यावे, आणि शक्य असेल तिथे त्यांची पेटी बैठकीतून उचलून, वारा खेळता राहील अशा आतल्या खोलीत, नेटवर्कच्या तारेच्या दुसऱ्या टोकाला हलवावी.