दाईने समजावलेल्या कविता

कविता कोणाची असते? लिहिणाऱ्याची, ती संग्रहात जपणाऱ्याची, की जिच्या ओठांवर ती रुळली आहे त्या माणसाची? जपानच्या होकुसाई या चित्रकाराने १८३५च्या सुमारास या प्रश्नाला चित्रांतून उत्तर दिले. समुद्राच्या उसळत्या लाटेचे त्याचे चित्र आपल्यापैकी अनेकांनी कॅलेंडरवर किंवा वहीच्या कव्हरवर पाहिले असेल. त्या लाटेनंतर काही वर्षांनी, पंचाहत्तरीला आलेला हा कलावंत जुन्या कवितांकडे वळला.

या कविता जपानच्या घराघरांत ठाऊक होत्या. तेराव्या शतकात, १२३५च्या सुमारास, फुजिवारा नो तेइका या दरबारी कवीने शंभर कवींची प्रत्येकी एक कविता निवडली होती. त्या संग्रहाचे नाव 'ह्याकुनिन इश्शु', म्हणजे शंभर जण आणि एकेक कविता. कवी कोण? सम्राट, सरदार, दरबारातल्या विदुषी, भिक्षू. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हायकू सतरा अक्षरांचा. या कविता त्याच्या पूर्वजाच्या, एकतीस अक्षरांच्या 'तांका'च्या घराण्यातल्या. पुढे छपाई वाढली आणि या कविता दरबाराबाहेर पडल्या. त्यांचा पत्त्यांचा खेळ झाला. एकाने कविता म्हणायची, बाकीच्यांनी तिचा उत्तरार्ध लिहिलेला पत्ता झडप घालून उचलायचा. नववर्षाच्या दिवसांत हा खेळ आजही रंगतो.

होकुसाईने आपल्या मालिकेला नाव दिले ते असे : 'दाईने चित्रांतून समजावलेल्या शंभर कविता'. गंमत अशी, की ही दाई चित्रांत कुठेच दिसत नाही. दिसते ती तिची नजर. मुलांना मांडीवर घेऊन गोष्टी सांगणारी ही बाई. दरबार तिने पाहिलेला नाही. पण शेत, नदीघाट, धुणे, चूल तिच्या रोजच्या सरावातले. मग कविता ती त्याच भाषेत समजावणार!

संग्रहातली पहिली कविता सम्राट तेन्जीची. भातशेतातल्या खोपटात राखणीला बसलेल्या माणसाच्या बाह्या दवाने भिजतात, एवढाच तिचा आशय. सम्राटाने शेतकऱ्याचे रूप केवळ कल्पनेत घेतले होते. होकुसाई तिथे खरे शेतकरी आणतो, कापणीच्या कामात गुंतलेले. हितोमारोच्या कवितेत विरहाची लांबलचक रात्र आहे, डोंगरातल्या पक्ष्याच्या लांब शेपटीसारखी. चित्रात कोळी पाण्यातून जाळे ओढताहेत, आणि शेकोटीचा धूर त्या शेपटीसारखाच वळणे घेत वर चालला आहे. शरदातल्या हरणाच्या हाकेने व्याकूळ होणारी कविता चित्रात येते, तेव्हा ती हाक दिवसभराचे काम आटोपून घरी निघालेल्या बायकांच्या कानी पडते.

सर्वांत बोलके चित्र खुद्द तेइकाच्या कवितेचे. न येणाऱ्या प्रियकराची वाट पाहणारे मन तिथे जळते आहे, मिठासाठी किनाऱ्यावर जाळल्या जाणाऱ्या समुद्रशेवाळासारखे. कवीला त्या आगीतून एक उपमा मिळाली. होकुसाईच्या चित्रात भट्टीचा धूर आहे आणि तिच्याभोवती राबणारी माणसे आहेत. उपमेला सहाशे वर्षे आग पुरवणारे हे हात अखेर कवितेत आले. कवितेची थोरवी त्याने कमी होत नाही. ती कोणाच्या कष्टांवर उभी आहे, एवढे मात्र दिसते.

ही चित्रे निघाली तो काळ सुखाचा नव्हता. १८३३पासून जपानात दुष्काळाने थैमान घातले होते. भाताच्या कापणीचे चित्र त्या दिवसांत पाहणाऱ्याला काय वाटले असेल? मालिकेचा प्रकाशकही मध्येच बदलला. शंभरांपैकी छापली गेलेली सत्तावीसच चित्रे आज आपल्याला माहीत आहेत, आणि काम तिथेच थांबले.

इथे छपाईची रीत समजून घ्यायला हवी. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. कारागीर तो कागद चेरीच्या लाकडाच्या फळीवर उलटा चिकटवून त्यावरूनच ठसा कोरी. प्रत्येक रंगाला वेगळा ठसा लागे. म्हणजे ठसा तयार होताना मूळ रेखाटन कायमचे नाहीसे होई. ज्या चित्रांना छपाईचे भाग्य लाभले, त्यांच्यातली होकुसाईच्या हातची रेघ पटाशीखाली गेली. न छापलेल्या कवितांची पुष्कळशी रेखाटने मात्र वाचली. त्यांचा मोठा संच वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहालयात आहे.

होकुसाई १८४९मध्ये गेला. मालिका अपुरी राहिली, पण अपुरी राहिली म्हणूनच त्या म्हाताऱ्याची शाईची रेघ आज पाहता येते. तिच्यात रंग नाहीत. दाईचे बोट मात्र ओळीवरून फिरताना स्पष्ट दिसते.