धरणाच्या बुडाला सुरुंग : कोयनेच्या बोगद्यांची हकिगत



विहिरीला कातळ लागला की सुरुंग लावावा लागतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण भरल्या धरणाच्या बुडालाच सुरुंग लावायचा म्हटलं तर? आपल्या कोयनेवर हे दोनदा घडलं आहे.

कोयना ही कृष्णेची उपनदी. तिचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला न्यायचं, सुमारे पावणेपाचशे मीटर खाली सोडायचं आणि त्या जोरावर वीज तयार करायची, अशी ही योजना. पोफळीचं वीजघरही डोंगरातच कोरलेलं आहे. तिथला पहिला संच १९६२ साली सुरू झाला.

डोंगर फोडणं सोपं नसतं. सह्याद्रीचा काळा पाषाण एकसलग नाही. मधूनमधून तांबड्या मातीचे थर येतात. विहिरीत असा थर पाण्याने भिजून ढासळतो आणि वरचा दगड खाली येतो, हे तुम्ही पाहिलं असेलच. बोगद्यातही तोच धोका. म्हणून कच्च्या जागी आधार द्यायचा, काँक्रीटचं अस्तर करायचं, मगच पुढे सरकायचं.

खरी कसोटी लागली चौथ्या टप्प्याला. नवा बोगदा जलाशयाला जोडायचा होता. जलाशय रिकामा करावा, तर चालू वीज आणि शेतीचं पाणी दोन्ही जाणार. तेव्हा नॉर्वेत रुळलेली रीत घेतली. कोरड्या बाजूने बोगदा खोदत जलाशयाच्या तळाखाली नेला आणि शेवटचा खडक बुचासारखा राखला. फुटलेला दगड पडायला खाली खड्डा केला. बूच आधीच फुटलं तर माणसं बुडणार. अर्धवट फुटलं तर तोंड तुंबणार. १३ मार्च १९९९ रोजी बार उडवला आणि पाणी बोगद्यात आलं. २५ एप्रिल २०१२ रोजी आणखी खालच्या पातळीवर हेच पुन्हा केलं.

मंडळी, या जलाशयाखाली आपल्यासारख्याच शेतकऱ्यांची गावं गेली. पुनर्वसनासाठी त्यांना वर्षानुवर्षे झगडावं लागलं. शिवाय पश्चिमेला वळवलेलं पाणी पूर्वेच्या शिवाराला मिळत नाही. म्हणून कृष्णा लवादाने त्याला वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली. एवढ्या मोलाची ही वीज. तेव्हा पिकाची पाळी पुरी झाली की पंप लगेच बंद करा.

आणि विहिरीवर सुरुंगाचं काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. एखादा बार उडाला नाही, तर घाईने खाली उतरू नका. पाणी चार दिवस उशिरा लागलं तरी चालेल, माणूस घरी परतला पाहिजे.