झुबारा : मोती कुणाचे, बुडी कुणाची

सुमारे १८०० साल. कतारच्या वायव्य किनाऱ्यावर, झुबारा बंदरात तुम्ही गलबतातून उतरता. कुवेतकडून आलेल्या उतूब टोळ्यांनी हे गाव वसवलं त्याला जेमतेम चाळीस वर्षं झालीत. पण तटबंदीच अडीच किलोमीटरची, बुरुजांसकट. एका वाड्यात डोकावा. जमिनीत चुन्याच्या पन्हळी आहेत. वर रचलेली खजुराची पोती आपल्याच भारानं दबतात आणि काकवी पन्हळींतून रांजणात उतरते. दुसऱ्या घरात कुणीतरी गिलाव्यावर गलबत कोरून ठेवलंय. इथे सगळं मिळतं, गोडं पाणी सोडून. ते तटाबाहेर, मुरैरच्या विहिरींवरून आणायचं.

१८११ साली मस्कतच्या सुलतानाकडून हल्ला होतो, गाव जळतं. पुन्हा उभं राहतं, पण आधीपेक्षा आक्रसून. १८७८ मध्ये आणखी एक घाव.

आता १९००च्या आसपासच्या उन्हाळ्यात या. झुबारा ओस पडत चाललंय, मोत्यांचा धंदा मात्र तेजीत आहे. माल मुंबईच्या बाजारातून थेट पॅरिसपर्यंत जातो. तुमच्या नाकाला चिमटा, पायाला दगड, गळ्यात टोपली. नाखवा खूण करतो, तुम्ही खाली जाता. दोराला हिसका दिलात की वरचा माणूस ओढून घेणार. तो पेंगत असला तर काय, हे विचारायची रीत नाही. हंगाम संपला की तुमचा वाटा उचलीत वळता होतो, उरलेलं कर्ज पुढच्या वर्षावर. बीडच्या ऊसतोड कामगाराला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. तुमच्या शेजारी बुडी मारणारा तर पूर्व आफ्रिकेतून आणलेला गुलाम. त्याची कमाई मालक घेतो.

१९१६ मध्ये कतारचा इंग्रजांशी करार होतो. गुलामांचा व्यापार बंद. घरात आहेत ते मात्र ठेवायला मुभा! गुलामगिरी कायद्यानं संपते ती १९५२ मध्ये, आणि भरपाई मिळते मालकांना.

आज झुबारा जागतिक वारसा आहे, २०१३पासून. उत्खनन थोड्याच भागाचं झालंय, आणि ते बरंच झालं. मऊ चुनखडीच्या, मातीत रचलेल्या भिंती उघड्या पडल्या की खारा वारा त्या खातो. म्हणून खणलेलं लिंपायचं, नाहीतर परत बुजवायचं. इथली खरी राखणदार वाळूच. पर्यटक फोटो काढतात तो किल्ला १९३८चा, म्हणजे तो बांधला तेव्हा गुलामगिरी अजून चालू होती.

वाळूखाली टिकलेत ते बहुतेक व्यापाऱ्यांचे वाडे. पाणबुड्यांची बाजू ऐकायची तर शंभरेक किलोमीटरवर दोह्याला, मुशैरिबमधल्या बिन जेलमूद हाऊसमध्ये जावं लागतं. गुलामांच्या एका व्यापाऱ्याचंच ते घर. २०१५पासून तिथे गुलामगिरीचं संग्रहालय आहे. माझ्या मते एकटं झुबारा बघणं म्हणजे अर्धीच सहल. दोन्ही एका दिवसात होतं. आधी झुबारा उरका, ऊन चढायच्या आत.