अंगावरची युद्धसामग्री

संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या मंडळींना विनोदी मजकूर छापलेल्या टी-शर्टांची भारी हौस. यातले बहुतेक विनोद त्यांच्या धंद्यातलेच असतात. बाहेरच्याला ते कळत नाहीत. १९९५ साली निघालेल्या एका टी-शर्टाचा रोख मात्र थेट अमेरिकी सरकारवर होता. त्यावर पर्ल या भाषेतल्या दोन-चार अगम्य ओळी होत्या आणि सोबत इशारा होता, की हा शर्ट युद्धसामग्रीत मोडतो; तो अमेरिकेबाहेर नेण्यास वा परदेशी नागरिकास दाखवण्यास मनाई आहे.

थट्टा खरी, पण कायद्याला धरून. त्या काळी भक्कम गुप्तलेखनाच्या आज्ञावल्या अमेरिकेत रणगाडे व तोफगोळ्यांच्याच यादीत होत्या. परवान्यावाचून त्या बाहेर पाठवणे हा गुन्हा होता. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये फुकट वाटलेली 'पीजीपी' ही आज्ञावली परदेशी पोचली, तेव्हा १९९३ पासून जानेवारी १९९६ पर्यंत त्यांच्यामागे चौकशीचा ससेमिरा होता.

शर्टावरच्या ओळी होत्या आरएसए पद्धतीच्या. रिव्हेस्ट, शमीर व अ‍ॅडलमन यांची ही १९७७ सालची पद्धत वर्गात फळ्यावर करून दाखवता येते. ३ आणि ११ या मूळ संख्या घ्या. गुणाकार ३३. आता ३३ व ३ हे आकडे सर्वांना जाहीर करा. निरोप आहे ४. त्याचा घन ६४. त्याला ३३ ने भागून बाकी ३१. हा झाला गुप्त निरोप. तो उलगडणाऱ्याजवळ ७ हा खासगी आकडा असतो, कारण (३−१)×(११−१) = २० आणि ३×७ ला २० ने भागल्यास बाकी १ उरते. ३१ चा सातवा घात करून ३३ ने भागा, बाकी ४ येते. (३१ ऐवजी −२ घेतले तर तोंडी जमते.) ३३ चे अवयव कोणीही पाडील, शेकडो अंकी संख्येचे पाडणे अतिशय अवघड, आणि सारी सुरक्षितता त्यातच आहे.

हे गणित तर १९७७ पासून छापील मासिकांत होते! मग बंदी कशावर? १९९४ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्याने गुप्तलेखनावरील एका पुस्तकाला मोकळीक दिली, पण त्यातल्याच आज्ञावल्या असलेल्या फ्लॉपीला अडवले. कागद चालतो, फ्लॉपी नाही. मग कापडाचे काय? शर्टाची गंमत या प्रश्नात होती. शिवाय त्या ओळी रचणारे अ‍ॅडम बॅक हे इंग्लंडचे. म्हणजे इंग्लंडहून अमेरिकेत आलेला मजकूर माघारी नेणे शस्त्रनिर्यात ठरणार होते.

आज्ञावली ही वस्तू की लेखन, हा वाद डॅनियल बर्नस्टाइन या विद्यार्थ्याने न्यायालयात नेला. १९९६ मध्ये न्यायाधीश मॅरिलिन पटेल यांनी ती घटनेने संरक्षिलेली अभिव्यक्ती असल्याचे मानले. त्याच वर्षाअखेर अध्यक्ष क्लिंटन यांनी व्यापारी उपयोगाचे गुप्तलेखन शस्त्रांच्या यादीतून काढून व्यापार खात्याकडे सोपवले आणि जानेवारी २००० मध्ये नियम बरेच सैल झाले. निर्यातीवरचे काही निर्बंध मात्र त्यानंतरही त्या खात्याकडे राहिले.