अंजनेरी आणि टेकाड

नाशिकजवळच्या अंजनेरीवर जन्मलेल्या मारुतीनें पहिल्याच झेपेंत सूर्य गांठूं पाहिला, अशी कथा आहे. मनुष्याला मात्र ही विद्या पायरीपायरीनेंच शिकावी लागली. जर्मनीच्या ओटो लिलिएन्थालनें १८९१ सालीं कापडी पंखांनिशीं लहान चढावांवरून तरंगत उतरण्याचा अभ्यास आरंभिला. १८९४ त बर्लिनजवळ सुमारें ५० फूट उंचीची टेकडीच रचविली. अंग कलवून तोल सांभाळण्याची त्याची रीत आजच्या हँग-ग्लायडरांतही टिकून आहे. सुमारें दोन हजार उड्डाणांनंतर १८९६ त तो पडून मरण पावला. इतका अभ्यास असूनही हवेनें दगा दिला. मग अभ्यासावांचून कड्यावर जाणाऱ्याची काय कथा? पंखांची हौस धरणाऱ्या तरुणांस आम्ही एवढेंच सांगूं: मारुतीची झेप मनांत असावी, पण आरंभ टेकाडावरूनच करावा.