घोणसीचें विष आणि रक्ताची कसोटी

मुलुंडच्या डोंगरापायथ्याशीं भाताचीं खाचरें होतीं, त्या काळची ही आठवण आहे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांस घोणस चावली. मांत्रिकाकडे अर्धा दिवस गेला. तोंवर हिरड्यांतून वाहूं लागलेलें रक्त कांहीं केल्या थांबेना, आणि ते गृहस्थ वांचले नाहींत. तें रक्त गोठत कां नव्हतें, हें मला पुष्कळ वर्षांनीं वाचनांतून उमगलें.

पॅट्रिक रसेल यांनीं हिंदी सर्पांवरील आपला ग्रंथ १७९६ सालीं प्रसिद्ध केला. इंग्रजींत घोणस त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. हिचें विष रक्त गोठण्याची क्रिया अंगांत अकारण सुरू करून देतें. त्या गडबडीत रक्त गोठविणारीं द्रव्यें खर्चीं पडतात, आणि मागें उरतें तें न गोठणारें रक्त.

१९३४ सालीं मॅकफार्लेन व बार्नेट या इंग्रज डॉक्टरांनीं हेंच विष अतिशय पातळ करून हिमोफिलियाच्या रोग्याच्या रक्तांत मिसळलें, तों तें रक्त गोठलें! गोठण्याची क्रिया एखाद्या साखळीसारखी चालते. हिमोफिलियांत आठवा किंवा नववा घटक उणा असतो. विष त्यांस वगळून थेट दहाव्या घटकास जागें करतें. यांतूनच प्रयोगशाळेस एक कसोटी लाभली. सायट्रेट घातलेल्या रक्तांतील पेशी वेगळ्या केल्या म्हणजे प्लाझ्मा, अर्थात् रक्तद्रव, उरतो. त्यांत विष व कॅल्शियम घालून गोठण्यास किती सेकंद लागतात तें मोजावयाचें. वेळ नेहमींइतकाच लागला, तर दोष दहाव्या घटकाच्या अलीकडे; लांबला, तर दहाव्यांत किंवा त्यापुढें. १९८६ सालीं याच विषाच्या पातळ द्रावणानें ल्यूपस अँटिकोॲग्युलंट ओळखण्याची रीत प्रसिद्ध झाली. हें प्रतिद्रव्य नळींत गोठणें लांबवितें, पण देहांत उलट गुठळ्या करतें. वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांच्या रक्तांत म्हणून त्याचा शोध घेतात.

सर्पदंशाची परीक्षा याहून सोपी आहे. दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या कांचेच्या नळींत घेऊन २० मिनिटें न हलवितां ठेवावें, मग नळी कलती करावी. रक्त अजून वाहत असेल, तर प्रतिविष देण्यास विलंब नको. परळच्या हाफकिन संस्थेंत असें प्रतिविष दीर्घकाळ तयार झालें आहे.

बोरिवली व मुलुंडच्या डोंगरकडेला घोणस आजही आढळते. दंश होतांच रुग्णालय गाठावें. तीं २० मिनिटें नळीसाठीं द्यावींत, मंत्रासाठीं नव्हे.