मडकं कुणाचं?

मी बेंबळीचा. आमच्याकडे शाळेतली चित्रकला म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. या परीक्षा पास झालं की दहावीला वाढीव गुण मिळतात. वस्तुचित्रासाठी समोर मडकं, तांब्या, फळं मांडतात. छायाप्रकाश जमला की झालं. मडकं काढणारा चित्रकार आणि ते घडवणारा नुसता कारागीर, हा भेद आला कुठून?

थोडा इतिहास बघू. जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. देशी कारागिरी सुधारणं हा इंग्रजांचा एक हेतू होता. १८६५ साली आलेले जॉन लॉकवुड किपलिंग तिथे शिल्पकाम शिकवत. पुढे जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली तिथे भांडी घडली आणि त्यांच्यावर अजिंठ्यातली नक्षी उतरली. अजिंठा तेव्हा आमच्या मुलखासारखाच निजामाच्या राज्यात होता. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती करत होते. ती भांडी आज ‘बॉम्बे स्कूल पॉटरी’ म्हणून ओळखली जातात. नाव संस्थेचं राहिलं, चाक फिरवणाऱ्या हातांचं नाही.

आमच्या तालुक्यातल्या तेरलाही हेच दिसतं. प्राचीन तगर ते हेच. तिथल्या लामतुरे संग्रहालयात मातीच्या सुंदर मूर्ती आहेत, पण त्या कुणी घडवल्या ते कुणालाच माहीत नाही. तेरच्या गोरा कुंभारांचं नाव टिकलं, तेही अभंगांमुळे, मडक्यांमुळे नाही.

परदेशातही ललितकला वर आणि हस्तकला खाली अशी उतरंड होतीच. आपल्याकडे मात्र कारागिरी जातीने वाटून दिलेली, त्यामुळे इथे कामाची पायरी हीच माणसाची पायरी ठरली.

मडक्याची दुसरी ओळख करून दिली नागपूरच्या सावी सावरकरांनी. १९६१ साली जन्मलेले सावरकर बडोद्यात शिकले आणि दिल्लीच्या कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकवू लागले. त्यांच्या चित्रांत पेशवाईतला अस्पृश्य माणूस येतो, थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडकं बांधलेला. हेही मडक्याचंच चित्र, पण इथे नुसत्या छायाप्रकाशावर भागत नाही.

मडक्यावर उजेड कुठून पडतो, हे वर्गात शिकवतातच. ते कुणी घडवलं आणि कुणाच्या गळ्यात बांधलं गेलं, हेही त्याच तासाला विचारता येईल. त्यासाठी वेगळा विषय लागत नाही. आणि घडवणारा गावातलाच असेल, तर एक तास त्यालाच शिकवू द्यावा.